पोप चुकू शकत नाहीत, मग होनोरियसचं काय?

आडवाट:
कॅथलिक शिकवण अशी, की श्रद्धा आणि नीतीच्या बाबतीत पोप पेत्राच्या आसनावरून, म्हणजे पोपपदाच्या पूर्ण अधिकाराने, साऱ्या ख्रिस्तसभेला बांधणारा अंतिम निर्णय देतात, तेव्हा तो चुकीचा असूच शकत नाही. 18 जुलै 1870 रोजी बिशपांच्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेत हे मंजूर झालं. बाजूने 533, विरोधात 2. (साठेक बिशप मतदान टाळून आधीच रोमबाहेर पडले होते, ते या आकड्यात दिसत नाहीत.)

आता होनोरियस बघा. सातव्या शतकातले हे पोप कॉन्स्टॅन्टिनोपलचे धर्माध्यक्ष सर्जियस यांना पत्रात लिहितात, ख्रिस्ताची इच्छा एकच. (शिकवण अशी, की दैवी आणि मानवी अशा दोन.) त्यांच्या मृत्यूनंतर चाळीसेक वर्षांनी, 680-81च्या धर्मपरिषदेने त्यांनाच पाखंडी ठरवलं, पत्रं जाळायला लावली. एकतर पोप चुकले, नाहीतर परिषद.

वसईचा वारा:
हा मुद्दा 1870मध्येच मांडून झालाय, तोही एका बिशपनेच. रॉटेनबुर्गचे हेफेले इतिहासाचे अभ्यासक, त्यांनी होनोरियसवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. त्यावर उत्तर असं, की ते एका धर्माध्यक्षाला लिहिलेलं पत्र होतं, सगळ्यांना बांधणारी व्याख्या नव्हे. 1870नंतर त्या कसोटीला उतरलेली घोषणा एकच, 1950ची, मरियेच्या स्वर्गारोहणाची. लोकांना उगाच वाटतं, पोप शिंकले तरी सिद्धांत होतो.

आडवाट:
सोयीचं आहे! टिकलं तर शिकवण, अंगाशी आलं तर 'ते आसनावरून नव्हतं'. आजवरच्या अशा घोषणांची अधिकृत यादी तरी आहे का? नाही.

तिरकस:
यादी सोडा हो, ती दोन-चार ओळींचीच होईल. खरी गोम पुढे आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच सांगितलंय, की पोप आसनावरून बोलत नसले तरी त्यांच्या शिकवणीपुढे मन आणि बुद्धी नमवायची. म्हणजे अचूकतेचा दावा चिमूटभर, आज्ञापालन मात्र पोतंभर!

जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेसुइट धर्मगुरूचं उदाहरण घ्या. धर्मस्वातंत्र्यावर लिहितो म्हणून 1950च्या दशकात रोमने त्यांना त्या विषयावर गप्प बसवलं. कारण 1864च्या चुकीच्या मतांच्या यादीत पोप नववे पायस यांनी 'बुद्धीला पटेल तो धर्म स्वीकारायला माणूस मोकळा आहे' हे मत चूक म्हणून नोंदवलं होतं. आणि 1965मध्ये परिषदेने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला, त्या मसुद्यावर काम कुणी केलं? मरेंनीच. मधल्या काळात जे नमले, ते कशापुढे नमले?

वसईचा वारा:
पाळणं आणि अचूक मानणं एक नाही. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही म्हणणारा 1976चा जबलपूर निकाल 2017मध्ये सुप्रीम कोर्टानेच मोडीत काढला, पण म्हणून मधली चाळीस वर्षं कोर्टाला अधिकार नव्हता असं कुणी म्हणत नाही. शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलेलं नसलं की दर पिढीला नवा पंथ निघतो.

तिरकस:
पण कोर्टाने 'आधीचा निकाल चुकला' असं लिहून दिलं. 1965च्या दस्तऐवजात तसं एक वाक्य दाखवा. उलट सुरुवातीलाच म्हटलंय, की खऱ्या धर्माप्रती माणसाच्या आणि समाजाच्या कर्तव्याची पारंपरिक शिकवण अबाधित आहे.

वसईचा वारा:
तसं वाक्य नाही, मान्य. ते असायला हवं होतं, असं म्हणणारे धर्मगुरूही मला माहीत आहेत. पण मरेंना गप्प बसवणं हा शिस्तीचा निर्णय होता, सिद्धांत नव्हे.

आडवाट:
बघा, परत आसनावरून उठले!