मदत हवी आहे: एस्ट्राडिऑल ३९०, एफएसएच १.४, कुणाला असं आलं होतं का?

पाऊसवेडी
सोमवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, तोवर जीव थाऱ्यावर नाही. काल रात्री मोबाइलवर पाळीच्या हार्मोन्सचा रिपोर्ट आला. एस्ट्राडिऑल ३९०, एफएसएच १.४. एकापुढे वर जाणारा लाल बाण, दुसऱ्यापुढे खाली. नेटवर शोधलं तर बीजकोशाची गाठ असं काहीबाही येतंय. लवकर सांगा प्लीज.

गोदातीर
वय? पाळीच्या कितव्या दिवशी रक्त दिलं? आणि ३९० पिकोग्रॅम की पिकोमोल? पिकोमोल असतील तर ३.६७ ने भागा, १०६ च उरतात.

पाऊसवेडी
पिकोग्रॅम. वय ३९. पाळी मागेपुढे होतेय म्हणूनच तर तपासणी केली.

वाशीकर
मेनोपॉजची सुरुवात असणार. आमच्या घरी ४४ व्या वर्षी असंच झालं होतं.

गोदातीर
नाही हो. मेनोपॉजकडे जाताना बीजकोश थकतात, मग मेंदूतली पिट्युटरी त्यांना हाका मारत राहते, म्हणून एफएसएच वाढतं. इथे उलट आहे. पाऊसवेडी, दिवस अजून सांगितला नाहीत. बाराव्या-तेराव्या दिवशी, बीज सुटायच्या आधी, एस्ट्राडिऑल ३९० असणं साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी नाही. आणि गरोदर नाही ना, हे पाहिलंत?

पाऊसवेडी
दुसऱ्याच दिवशी दिलं, डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. घरी पट्टीवर दोनदा पाहिलं, नाही.

आजीचा_बटवा
ताई, शतावरी कल्प दुधातून सकाळ-संध्याकाळ. मला तीन महिन्यांत फरक पडला होता.

काचपट्टी
आजी, आकडा खरा आहे की नाही हेच अजून ठरलं नाही, औषध कशावर देताय? मी १४ वर्षं लॅबमध्ये आहे. पाऊसवेडी, त्याच नमुन्यावर थायरॉइडचं टीएसएच केलं होतं का? आणि रोज काय काय घेता, व्हिटॅमिनसकट सगळं सांगा.

आजीचा_बटवा
स्वतःचा अनुभव सांगितला. इथे सांगायचा नाही का?

पाऊसवेडी
टीएसएच ०.०८. मार्चमध्ये २.४ होतं. आता थायरॉइडपण का?? औषध काहीच नाही. केसांची एक गोळी, पण ती काय औषध नव्हे.

काचपट्टी
गोळीच्या पाकिटावर बायोटिन, म्हणजे केसांसाठी देतात ते व्हिटॅमिन, किती लिहिलंय?

पाऊसवेडी
आरशापुढे कंगव्याशेजारीच असते, थांबा. १०,००० मायक्रोग्रॅम. त्या दिवशी सकाळीही घेतली होती, उपाशीपोटी.

काचपट्टी
मला तेच वाटत होतं. शरीराला रोज लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम. बऱ्याच मशीनमध्ये तपासणीची प्रतिपिंडं बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं प्रथिन स्ट्रेप्टाव्हिडिन यांच्या जोडीने पकडून ठेवतात. रक्तातलं जास्तीचं बायोटिन ती जागा अडवतं. मग एफएसएच, एलएच, टीएसएच हे हार्मोन खोटे कमी दिसतात, आणि एस्ट्राडिऑल, प्रोजेस्टेरॉनची पद्धत उलटी असल्याने ते खोटे जास्त. तुमचे तिन्ही आकडे नेमके त्याच दिशेने गेलेत. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्येच याची सूचना काढली होती. सगळ्या मशीनना हे लागू नाही, म्हणून लॅबला विचारा. पण डॉक्टरांना गोळीचं सांगितल्याशिवाय राहू नका.

वाशीकर
मग केस गळण्यावर दुसरं काय घ्यावं? माझेही फार गळतात.

गोदातीर
वेगळा धागा काढा. पाऊसवेडी, गोळी आजपासून बंद. टीएसएच कधीही होतं, तीन दिवसांनी पुन्हा द्या. एफएसएच, एस्ट्राडिऑल मात्र पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशीच. तरीही तसंच आलं तर सोनोग्राफी, ते डॉक्टर ठरवतील.

पाऊसवेडी
लॅबला फोन केला. त्यांचं मशीन त्याच जातीचं आहे म्हणाले. रक्त घेताना मला कुणी विचारलं कसं नाही? गुरुवारी टीएसएच देते. पाकीट पर्समध्ये टाकलंय, सोमवारी डॉक्टरांना दाखवायला.

नवी_पहाट
माझ्या बहिणीचं एएमएच (बीजकोशातला बीजसाठा सांगणारा हार्मोन) ०.९ आहे, तिलाही दुसऱ्याच दिवशी द्यावं लागेल का?

काचपट्टी
एएमएच कुठल्याही दिवशी चालतं. पण आधी सांगा, ती केसांची गोळी घेते का?