मदत हवी आहे: कॅलिपरचं किट बदलल्यापासून ब्रेक पेडल स्पंजी, दोनदा हवा काढूनही फरक नाही

जुनी_हॅचबॅक (सोलापूर)
गाडी 2004ची, छोटी पेट्रोल. पुढे डिस्क, मागे ड्रम, व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) आहे, एबीएस नाही. पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) जाम होत होते, म्हणून खाली उतरवून सील किट टाकलं, पॅडही नवे. तेव्हापासून पेडल अर्ध्याच्या खाली जातं आणि तिथेही लिबलिबीत लागतं. तीन-चारदा पटापट मारलं की वर येतं, जरा थांबलं की परत तेच. ब्रेक ऑइलची पातळी आठ दिवसांत हललेली नाही. ऑइल डॉट 3, नवी बाटली. ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, दोनदा झालं. आता गॅरेजमधून मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदला म्हणतात. पुढच्या आठवड्यात तुळजापूरला जायचंय. मास्टर घेऊ का थांबू, सांगा की.

दहाचा_पाना
थांबा. मास्टर आत्ता घेऊ नका आणि या पेडलवर तुळजापूरचा घाटही नको.

आधी हे करा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल. मग मध्यम जोरानं दाबून मिनिटभर धरा. पाय तसाच असताना पेडल हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठे ओल नाही, तर मास्टरचे आतले कप (रबरी सील) गेलेत. जागेवर थांबलं तर मास्टरवर संशय घ्यायचं कारण नाही. मास्टर आणि बूस्टरच्या सांध्याखाली बोट फिरवून ओल बघा. तिथली गळती बूस्टरच्या आत जाते, जमिनीवर दिसत नाही.

दुसरं, हँडब्रेक दोन-तीन दात ओढून पेडल दाबा. पेडल लगेच वर आलं तर मागचे लाइनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ड्रमपासून लांब आहेत, ते अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर अडकलाय. पण तशा गाडीत पेडल खोल जाऊन मग कडक लागतं. स्प्रिंगसारखं दबत राहतं ती हवा, नाहीतर फुगणारा होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी).

लाइनर_आणि_पॅड
आपल्याकडचा मे महिना बघता ऑइलमधलं पाणी उकळत असेल काय? डॉट 3 कोरं असताना 205 अंशांना उकळतं, ओलावा शोषलेलं 140ला.

दहाचा_पाना
तसं असतं तर सकाळी थंड गाडीत पेडल कडक लागलं असतं, घाट उतरल्यावर मऊ पडलं असतं आणि गार झाल्यावर परत सुधारलं असतं. इथे थंड गाडीतही तेच, आणि ऑइल नवं.

जुनी_हॅचबॅक (सोलापूर)
पेडल मिनिटभर धरलं, सरकलं नाही. सांध्याखाली कोरडं. हँडब्रेक ओढून काही फरक नाही.

दहाचा_पाना
मग चाकांकडे या. होज क्लॅम्प आणा, गोल जबड्यांचा. उघडा व्हाइसग्रिप लावला तर होज आतून चिरतो. होज 2004चेच असतील तर आधी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर क्लॅम्प न लावता सरळ बदला. सगळे रबरी होज दाबून पेडल बघा. वरती, दगडासारखं लागलं की मास्टर आणि लोखंडी लाइन ठीक. मग एकेक क्लॅम्प सोडा. जो सोडल्यावर पेडल खचेल, दोष त्या चाकाशी किंवा त्या होजमध्ये.

आणि कॅलिपर उतरवले होते म्हणता, तर चाक काढून एवढं बघा: ब्लीडिंगचं निपल वर आहे की खाली?

जुनी_हॅचबॅक (सोलापूर)
सगळे दाबल्यावर पेडल एकदम कडक. मागचे सोडले तरी कडक. पुढचा डावा सोडला की मऊ, उजवा सोडला की आणखी मऊ. निपल दोन्हीकडे खालच्या अंगाला आहे, होजचा बोल्ट वर. होजला थोडा पीळही दिसतोय.

दहाचा_पाना
डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. काही गाड्यांत तो उलटाही बिनबोभाट बसतो. हवा पिस्टनमागच्या पोकळीत वर चढून बसते आणि निपल तळाशी. निपल सोडलं की खालचं ऑइल निघतं, बुडबुडा आहे तिथेच. म्हणजे दहा वेळा ब्लीडिंग केलं तरी नळीत स्वच्छ ऑइलच दिसणार.

अदलाबदल करा. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर घाला. एकदा दाबलेला वॉशर परत धरेलच असं नाही. होज सरळ, पीळ न पडता. मग पारदर्शक नळी निपलवर चढवून दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आतला माणूस पेडल हळू दाबून धरेल, तुम्ही निपल पाव फेरा सोडा, बंद करा, त्यानंतरच त्यानं पाय उचलायचा. क्रम चुकला तर हवा उलटी आत ओढली जाते. दर पाच-सहा दाबांनी टाकीत भर घाला. निपल पोकळ असतं, आवळताना जोर केला तर तुटतं.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये रोज न वापरलेल्या भागात गंज असतो. पेडल तळाला गेलं की कप त्यावर घासून फाटतो, आणि मग मास्टर खरंच घ्यावा लागतो.

लाइनर_आणि_पॅड
चाकांचा क्रम? लांबचं चाक आधी ना?

दहाचा_पाना
पुढची जोडी एका सर्किटवर (ऑइलच्या स्वतंत्र लाइनवर), मागची दुसऱ्या, असं असेल तर तसंच. बऱ्याच छोट्या गाड्यांत सर्किट तिरपं असतं, एक मागचं आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं पुढचं. तिथे गाडीच्या पुस्तकातला क्रम धरा.

जुनी_हॅचबॅक (सोलापूर)
बदलले ओ. उजवीकडून पहिल्या दोन दाबांत नुसते बुडबुडे, डावीकडून थोडे कमी. पेडल आता वरच्या वर कडक, इंजिन चालू करून धरलं तरी सरकत नाही. बाटलीत साधारण 200 मिली उरलंय, ठेवू का?

दहाचा_पाना
टाकीत मॅक्सच्या रेघेपर्यंत भरा, उरलेलं ठेवू नका. उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते. आणि बॉनेटवर सांडलं असेल तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून काढतं ते.