बीव्हरच का?
हौसेनं, जरा जास्तच उत्साहानं काम करणाऱ्याला इंग्रजीत ‘ईगर बीव्हर’ म्हणतात. बीव्हर म्हणजे ओढ्या-नद्यांत राहणारा, उंदरासारखा कुरतडणारा प्राणी. या शब्दप्रयोगात मुंगी किंवा मधमाशी न येता बीव्हरच का, या प्रश्नाचं उत्तर मला त्या प्राण्याच्या स्वभावात दिसतं. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, इनॅमलमधल्या (दातांच्या वरच्या कठीण थरातल्या) लोहामुळे ते नारिंगी आणि टणक असतात. झाडं कुरतडून पाडायची, फांद्या-चिखल रचून ओढा अडवायचा, हेच त्याचं काम. वाहत्या पाण्याचा नुसता आवाज कानावर पडला तरी तो बांध घालायला लागतो. स्पीकरवर तसा आवाज लावला, तर तिथेही फांद्या आणून रचतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. मला हे फार भावतं. कुणी सांगितलेलं नसतं, तरी त्याला राहवत नाही!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात हा शब्दप्रयोग रुळला. स्वतःहून जास्तीची कामं अंगावर घेणाऱ्या जवानाला सोबती असं म्हणत, म्हणून कौतुकाबरोबर थोडा बोचरेपणा त्यात आहेच. कॅनडात मात्र बीव्हरला निखळ मान. १९३७ पासून तो पाच सेंटच्या नाण्यावर आहे.

मराठीत ‘घाण्याचा बैल’ हा पर्याय मला पटत नाही. त्यात राबणं आहे, हौस नाही. ‘उत्साहमूर्ती’ बराच जवळ जातो.