तेराशेचं घड्याळ आणि मेसेजचे चौकोन

खानापूरकर:
खडेबाजारातनं तेराशेला स्मार्टवॉच घेतलं. चार्ज आठवडाभर टिकतोय, त्याबद्दल तक्रार नाही. पण आईचा मराठी मेसेज आला की मनगटावर नुसते चौकोन. कन्नडचंही तेच, भेदभाव तरी नाही म्हणायचा! आणि मोटारसायकलवरनं बेळगावला जाऊन आलो की न चालताच दोनेक हजार पावलं पडत्यात. सेटिंगमध्ये काय हाय का?

वडगावची ताई:
चौकोन म्हणजे घड्याळात ती लिपीच भरलेली नाही. ॲपमधनं अपडेट आलाय का बघा, नाहीतर तसंच चालवा. पावलांचं म्हणाल तर आतला सेन्सर फक्त हाताचे हिसके मोजतोय. खड्डा काय, पाऊल काय, त्याला सारखंच. मी चपात्या लाटताना चारशे पावलं चालते की!

निपाणीकर:
नाडी बघायची तर पट्टा मनगटाच्या हाडाच्या जरा वर, नीट बसवून बांधा. मागचा हिरवा दिवा कातडीखालचं रक्त बघतोय. सैल असला की काहीबाही आकडा. माझं एकदा टेबलावर काढून ठेवलेलं, तर टेबलाचे ठोके ७२!

खानापूरकर:
अपडेट केलं. चौकोन तसेच. आईला म्हटलं, मेसेज नको, सरळ फोनच लाव.