मदत हवी आहे: जवसाची चटणी पुरते की डीएचएची कॅप्सूल घ्यावीच? (शाकाहारी बाळंतीण)

निशिगंधा_वाकडी

नमस्कार मंडळी. रात्रीचे अडीच वाजलेत, बाळ मांडीवर आहे आणि एका हाताने टाइप करतेय, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

बाळ अडीच महिन्यांचं, फक्त अंगावर पितं. डॉक्टरांनी लोह-कॅल्शियमबरोबर डीएचएची (ओमेगा-३ मधलाच एक प्रकार) कॅप्सूल लिहून दिली होती. नवरा औषधाच्या दुकानातून घेऊन आला, मी महिनाभर इमानेइतबारे घेतली. परवा दुपारी ढेकर आली ती थेट मासळीबाजारातली! बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली तर फिश ऑइल, वरचं आवरण जिलेटिनचं (म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासूनचं) आणि कोपऱ्यात मांसाहाराची खूण, तपकिरी त्रिकोण. नवऱ्याने दुकानात "शाकाहारी द्या" असं सांगितलं होतं म्हणे. त्यावर उत्तर काय, तर "औषधात कसलं आलंय व्हेज-नॉनव्हेज."

आमच्याकडे सासरे माळकरी, घरात अंडंही येत नाही. मला पाप बीप लागलं असं वाटत नाहीये, पण ती बाटली ओढणीखाली झाकून कपाटात ठेवलीय आणि घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता घरातले सल्ले. माहेर वर्ध्याचं, त्यामुळे आई जवसाची चटणी डबाभर पाठवते, "यातच सगळं आलं, कॅप्सूल कशाला" म्हणते. सासूबाईंचे हळिवाचे लाडू रोज एक ठरलेला. जाऊबाईंचं मत स्पिरुलिनाच्या गोळ्या. नेटवर एक जण म्हणतो जवसातून काही मिळत नाही, दुसरा म्हणतो मासे विसरा, जवस खा. डोक्याचं पार भरीत झालंय.

मला एवढंच कळून घ्यायचंय की चटणीवर भागतं का? भागत नसेल तर शाकाहारी डीएचए असा काही प्रकार खरोखर असतो का? आणि कारळ्याची, तिळाची चटणी पण याच खात्यात जमा होते का? स्वयंपाकाला सूर्यफुलाचं तेल आहे, त्याचा काही संबंध असेल तर तेही सांगा. बाळाला मालिश कुठल्या तेलाने करायचं हा वेगळा वाद आहे, तो इथे नको, हात जोडते.

चकली_बिघडली

अभिनंदन! माझ्याकडे उत्तर नाही, पण मीही याच फेऱ्यात आहे (सातवा महिना), म्हणून मांडी घालून बसतेय.

तळटीप

अन्नशास्त्र शिकलेय, डॉक्टर नाही. त्या बेताने वाचा.

तुमची आई आणि तुमचे डॉक्टर, दोघं आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलताहेत. 'ओमेगा-३' हे स्निग्ध आम्लांच्या एका घराण्याचं आडनाव आहे. त्या घरात तिघं महत्त्वाचे: एएलए, ईपीए आणि डीएचए. जवस, चिया, अक्रोड, हळीव यांत मिळतं ते एएलए. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात जे भरपूर असतं ते डीएचए. आपलं शरीर एएलएपासून पुढचे दोन बनवू शकतं, पण फार कंजूषपणे. ईपीए थोडंफार बनतं, डीएचएपर्यंत पोचतो तो जेमतेम एखादा टक्का. मूल होण्याच्या वयातल्या बायकांत हे रूपांतर पुरुषांपेक्षा बरं होतं, एवढाच दिलासा.

तुमच्या बाबतीत नेमका मुद्दा असा की आईच्या दुधातलं डीएचए आईच्या खाण्यावर हलतं. पण जवसाचं तेल देऊन पाहिलं तर दुधातलं एएलए वाढतं, डीएचए वाढत नाही. म्हणून नुसत्या चटणीवर डीएचएचं भागत नाही.

म्हणून चटणी वाया जाते असं मात्र समजू नका. एएलए आणि ओमेगा-६ मधलं लिनोलेइक आम्ल, ही दोन शरीराला मुळीच बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. 'आवश्यक' म्हणतात ते या अर्थाने. (अवांतर: याची पहिली चाहूल लागली ती १९२९-३० मध्ये. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात बर नावाच्या जोडप्याने उंदरांच्या खाण्यातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून टाकले. उंदरांच्या शेपट्यांवर खवले आले, वाढ खुंटली. तोवर तेल-तूप म्हणजे ऊर्जा आणि त्यात विरघळणारी जीवनसत्त्वं, एवढाच समज होता.)

आता हिशोब. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला १.१ ग्रॅम एएलए लागतं, गरोदरपणी १.४, अंगावर पाजताना १.३. माझ्या काट्यावर पोह्याचा एक सपाट चमचा जवसाची पूड ७ ग्रॅम भरते. त्यात साधारण १.६ ग्रॅम एएलए. म्हणजे तुमच्या आईने दिवसाचा कोटा एका चमच्यात बसवलाय. याउलट दुकानात 'व्हेज ओमेगा ३-६-९' म्हणून ज्या कॅप्सूल मिळतात, त्या बहुतेक जवसाच्या तेलाच्याच. ५०० मिलिग्रॅमची एक घेतली तर पाव ग्रॅमच्या थोडं वर एएलए. सहा गिळाल तेव्हा एक चमचा चटणी होते. त्यांच्या नादी अजिबात लागू नका, शाकाहारी डीएचए म्हणून कुणी त्या गळ्यात मारल्या तर नक्कीच नको.

शाकाहारी डीएचए असतं. मासे तरी ते कुठून आणतात? समुद्रातल्या सूक्ष्म शैवालातून. तीच शैवालं आता टाक्यांमध्ये वाढवून तेल काढतात. लेबलवर 'अल्गल ऑइल' किंवा 'शिझोकायट्रियम' असा शब्द शोधा. तेल शैवालाचं आणि कवच जिलेटिनचं असंही होतं, म्हणून हिरवा ठिपका पाहाच. आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत १००० मिलिग्रॅम असतं ते तेलाचं वजन. मागे डीएचए किती लिहिलंय ते मोजायचं. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञांनी गरोदर आणि पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए सांगितलंय. तुमच्यासाठी नेमकं किती ते डॉक्टरांना विचारा. "मला शैवालाचं चालेल का" एवढंच विचारलंत तरी त्या लगेच लिहून देतील.

स्पिरुलिना हेही एक (निळं-हिरवं) शैवालच, पण त्यात डीएचए नसतं म्हटलं तरी चालेल. जाऊबाईंना दुखवू नका, पण गोळ्या त्यांनाच घेऊ द्या.

झाडीपट्टीवाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. चटणीचं मी सांगतो, आमच्याकडे जवस हे पीक आहे, सुपरफूड बिपरफूड नंतर झालं. धान उभं असतानाच बांधीत ओलीवर जवस नाहीतर लाखोळी फेकून देतात. धान कापून झालं की निळ्या फुलांनी शेत भरतं.

जवस अख्खे खाल तर जसे गेले तसे बाहेर येतील, साल फार चिवट. जेवण झाल्यावर मुखवास म्हणून चिमूटभर तोंडात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कढईत मंद आचेवर भाजायचे, तडतडायला लागले की हात थांबवायचा नाही आणि झाकण जवळ ठेवायचं, नाहीतर अर्धे ओट्यावर. रंग जरा उतरला, दातांखाली कुरकुरीत लागला की उतरवा. एवढ्या भाजण्याने एएलए काही उडून जात नाही, उलट कच्च्या जवसातली जी थोडी सायनाइड देणारी द्रव्यं असतात ती कमी होतात. मग लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ. खलबत्ता असेल तर उत्तम. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, एकदम फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो.

आणि डबाभर एकदम करू नका. कुटलेला जवस हवेत लवकर खवट होतो. वास घेऊन पाहा, ऑइल पेंटसारखा वास आला तर चटणी गेली. गंमत नाही, ऑइल पेंटमध्ये हेच तेल असतं. आईला सांगा, भाजके जवस पाठव, दर आठवड्याला इथे कुटते. कुटलेली फ्रीजमध्ये.

तेल वापरणार असाल तर घाण्याचं, खाण्यासाठी म्हणून विकलेलं, वरून भातावर नाहीतर झुणक्यावर घ्या. आमच्या आजीच्या काळी फोडणीलाही तेच होतं, पण ते लवकर जळतं आणि धूर करतं. माझ्या एका पुणेरी मित्राने हार्डवेअरच्या दुकानातून 'शुद्ध जवस तेल' आणलं होतं, कोशिंबिरीवर घालायला! ते बॅटला नाहीतर दाराच्या चौकटीला लावायचं असतं. 'बॉइल्ड' लिहिलेल्यात लवकर सुकावं म्हणून धातूची संयुगं घालतात. ते चुकूनही पोटात जाऊ देऊ नका.

निशिगंधा_वाकडी

बापरे, तळटीपताई, झाडीपट्टीदादा, दंडवत! आत्ताच उठून डबा हुंगला. चटणी गुढीपाडव्याला आलेली. पेंटचा नाही, पण लसणाच्या मागे काहीतरी कडवट येतंय. टाकून द्यायचं जिवावर आलंय.

कारळे-तीळ राहिले बघा. आणि तेल.

तळटीप

टाका. जीव गुंतवू नका.

कारळ्यात बहुतांश ओमेगा-६, तिळात ओमेगा-६ आणि ९, शेंगदाण्यातही तेच. चटण्या म्हणून खुशाल खा, तिळातून कॅल्शियम आहे, पण ओमेगा-३ च्या खात्यात शून्य. डब्यात जवस आणि कारळे शेजारी बसतात म्हणून गुण सारखे नसतात. हळिवाच्या तेलात मात्र जवळपास एक तृतीयांश एएलए असतं. सासूबाईंचा लाडू चालू ठेवा.

सूर्यफूल आणि साधी करडई यांत ओमेगा-६ भरपूर. ओमेगा-६ आणि एएलए या दोघांना पुढचं रूपांतर करणारं एन्झाइम एकच आहे. सार्वजनिक नळावर एकीच्या दहा घागरी आणि दुसरीची एक, असं होतं. शेंगदाण्याच्या तेलात ओमेगा-६ सूर्यफुलापेक्षा निम्म्याच्या आसपास, तेव्हा ते आणलंत तर बरं. मोहरीच्या आणि सोयाबीनच्या तेलात थोडं एएलएसुद्धा असतं, पण मोहरीच्या तेलातली वांग्याची भाजी आपल्या घरांत कोण खाणार?

स्पष्टवक्ता_कोथरूड

आमच्या आज्यांनी कुठे डीएचए घेतलं होतं? सहा-सहा मुलं झाली, सगळी शिकली. हा सगळा बाजार आहे. आणि सूर्यफुलाचं तेल म्हणजे तर विषच.

तळटीप

बाजार आहे हे खरंच, म्हणून तर सहा कॅप्सूल बरोबर एक चमचा हा हिशोब दिला. शाकाहारी आयांची मुलं पिढ्यान्‌पिढ्या नीट वाढली हेही खरं, त्यामुळे निशिगंधा, महिना-दोन महिने कॅप्सूल नाही घेतली तर बाळाचं नुकसान झालं अशी भीती बाळगू नका. पण सोपा, शाकाहारी मार्ग हाताशी असताना आणि डॉक्टरांनी सुचवलेलं असताना नाही का म्हणायचं? ओमेगा-६ हेसुद्धा आवश्यकच आहे, विष नव्हे. प्रमाणाचा प्रश्न आहे. आणि घरात अंडं-मांस नसेल तर डीएचएच्या आधी ब-१२ तपासलंय का ते बघा. ते कमी असेल तर आईच्या दुधातही कमी उतरतं आणि त्याचा फटका जास्त मोठा बसतो.

गवतीचहा

एक छोटी गोष्ट. थायरॉइडची गोळी चालू असेल तर सकाळी तिच्याबरोबर जवस-चिया काही नको, तंतूंमुळे गोळी नीट शोषली जात नाही. काही तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करायची औषधं असतील तर जवसाचं तेल किंवा ओमेगाची कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि सब्जा म्हणजे चिया नव्हे, सब्जा आपला तुळशीच्या कुळातला, चिया मेक्सिकोकडची. दोन्हींत एएलए असतं, दोन्ही पाण्यात भिजवून घ्या.

पावसाळ्यात घोळाची भाजी मिळते ना? पालेभाजीच्या मानाने तिच्यात एएलए चांगलं असतं, १०० ग्रॅममध्ये साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम. ताकातली करा.

निशिगंधा_वाकडी

चार दिवसांनी लिहितेय, लस दिल्यामुळे बाळ किरकिरत होतं.

डॉक्टरांनी शैवालाची कॅप्सूल लिहून दिली, एकीत २०० मिलिग्रॅम डीएचए. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचं ना, शाकाहारी आहात म्हणून." मी कधी सांगितलंच नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. ब-१२ ची तपासणी पण लिहून दिलीय, रिपोर्ट उद्या. या वेळी दुकानात मी स्वतः गेले, हिरवा ठिपका बोट ठेवून बघितला.

सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या दोन मिनिटं गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना सांगू नकोस." नव्या बाटलीवरचं मी वाचून दाखवलं तर, "शेवाळ म्हणजे आपल्या हौदातलं?" हौदातलं नाही हे पटवायला अर्धा तास गेला. सध्या त्या खलबत्ता शोधताहेत, माळ्यावर असणार म्हणतात. आईला फोन करून भाजके जवस पाठवायला सांगितलंय.

चकली_बिघडली, तुझ्या डॉक्टरांनाही विचार आणि मला सांग. गरोदरपणी हळीव खाऊ नये असं सासूबाई म्हणतात, लाडू बाळंतपणानंतर.