रिटर्न पंप गुणगुणतो, पण लाईट आल्यावर फिरत नाही. सफाई कशी आणि किती दिवसांनी?

प्रश्न (मालवण): नमस्कार मंडळी. २०० लिटरची खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी आहे, खाली सम्प (वरचं पाणी जिथे उतरतं ती दुसरी टाकी). पाणी समुद्राचंच भरतो. सम्पमधलं पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाची धार महिन्याभरात निम्म्यावर येते. लाईट जाऊन परत आली की पंप नुसता गुणगुणतो, हाताने हलवल्यावर सुरू होतो. बाहेरून पुसून काही फरक पडत नाही. नवा घ्यावा का?

उत्तर १ (रत्नागिरी): नवा घेऊ नका, आधी उघडा. रोटरवर (पंपातल्या फिरत्या चुंबकावर) चुन्याचा थर बसलाय. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पंप गरम होतो आणि त्या उबेने कॅल्शियम कार्बोनेट नेमकं रोटर-शाफ्टवर बसतं. फिरता रोटर थर असूनही फिरत राहतो, पण थांबल्यावर त्याला उठायला जोर पुरत नाही. गुणगुण म्हणजे कॉइलला वीज मिळतेय आणि रोटर अडकलाय. तसाच ठेवला तर कॉइल जळते.

पंप बंद करण्याआधी सम्पमध्ये वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा आहे ना, बघा. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) चालू राहू द्या, उन्हाळ्यात पाण्यात प्राणवायू कमीच असतो. मग प्लग काढून पंप बाहेर घ्या, पुढचं झाकण अर्धा वळसा फिरवून किंवा स्क्रू काढून सोडवा आणि रोटर सरळ बाहेर ओढा. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर पक्कड लावू नका, काडीसारखा तुटतो. अडकला असेल तर अख्खा पंप तसाच भिजत घाला. शाफ्टच्या दोन टोकांचे रबरी बुश (आधाराची टोपणं) बेसिनच्या जाळीतून सहज निसटतात, म्हणून काम परातीत करा.

२ लिटर पांढरं व्हिनेगर आणि २ लिटर पाणी बादलीत घ्या. सुटे भाग तासभर बुडवा, मग पंप जोडून त्याच पाण्यात अर्धा तास चालवा, म्हणजे आतल्या वाटाही सुटतात. बुडबुडे थांबले आणि पांढरं अजून दिसतंय, तर आम्ल संपलंय, नवं घ्या. व्हिनेगरऐवजी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्वही चालतं. रोटर ज्या भोकात बसतो ते जुन्या टूथब्रशने आतून घासा, बहुतेक वेळा थर तिथेच राहून जातो. शेवटी साध्या पाण्यात १० मिनिटं चालवून धुवा. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, आणि ब्लीचमध्ये आम्ल कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रिटर्न पंप दोन-तीन महिन्यांनी, स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) पंप आणि वेव्हमेकर महिन्या-दीड महिन्याने. टाकीत चुन्याची निवळी घालत असाल तर ती पंपाच्या तोंडाशी सोडू नका, थर लवकर बसतो.

उत्तर २ (देवगड): समुद्राच्या पाण्याबरोबर वाळू आणि शंखवर्गीय जीवांची पिल्लंही येतात. वाळूने बुश झिजतो, पिल्लं पाइपच्या आत चिकटून वाढतात. पाणी भरतीच्या वेळी उघड्या समुद्राचं घ्या, देवबागकडे कर्ली खाडीच्या मुखाशी नको. पावसाळ्यात तर तिथे नदीचंच पाणी जास्त, गाळासकट. घनता १.०२५ च्या आसपास आहे का, मोजून घ्या. जाड कापडातून गाळून झाकणाच्या पिंपात, अंधारात दोन आठवडे ठेवा आणि वरचंच पाणी काढा, तळाचा गाळ हलवू नका.

प्रश्नकर्ता: आभार. रोटर काढला, चुंबकावर तपकिरी डाग आणि एका बाजूला फुगवटा आहे. साफ होईल?

उत्तर १ (रत्नागिरी): नाही. आवरणाला तडा जाऊन खारं पाणी आत गेलंय आणि चुंबक गंजतोय. फुगलेला रोटर भोकाच्या भिंतीला घासतो आणि गंज टाकीत उतरतो. पूर्ण रोटर बदला, मॉडेल नंबर देऊन सुटा मिळतो. बुशही त्याच वेळी नवे घाला.

उत्तर ३ (वेंगुर्ला): जोडण्याआधी दोन गोष्टी. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीनने काही रबर फुगतात. आणि रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीलगत जे हवेचं भोक असतं, ते शेवाळाने बुजलंय का बघा. बुजलं असेल तर लाईट गेल्यावर वरची टाकी उलटी सम्पमध्ये उतरते.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात, त्या पुसून कोरड्या ठेवा. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, थेंब झोलातूनच गळून पडेल. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तो आधी बसवा, पंप नंतर.