गॅस गिझरला थंडीत सिलिंडर पुरत नाही, काय करावे?

प्रश्न (शाहूपुरी, सातारा)

आमच्या घरी पाच माणसे असून आंघोळीच्या पाण्यासाठी मागच्या गॅलरीत सहा लिटरचा गॅस गिझर बसवलेला आहे व त्याला स्वतंत्र सिलिंडर जोडलेला आहे. उन्हाळ्यात तो बराच पुरतो, परंतु दिवाळीनंतर थंडी पडू लागली की दीड महिन्यातच संपतो. आच मोठी ठेवून कडकडीत पाणी काढावे व त्यात थंड पाणी मिसळावे, की आच लहान ठेवून बेताचे गरम पाणी घ्यावे, यांपैकी कशाने गॅस वाचतो? न्हाणीघरापर्यंतचा पाइप लांब असल्याने सुरुवातीचे गार पाणी वाया जाते, त्यावरही उपाय सुचवावा.

उत्तर १ (विश्रामबाग, सांगली)

थंडीत गॅस जास्त लागणारच. उन्हाळ्यात टाकीतले पाणी तीस अंशांच्या आसपास असते, तर डिसेंबरातल्या सकाळी ते वीसपर्यंत उतरते. म्हणजे चाळीस अंशांचे पाणी हवे असल्यास दहाऐवजी वीस अंश चढवावे लागतात आणि तेवढ्याच पाण्याला गॅस दुप्पट जळतो. वीस लिटरची बादली २० अंशांनी तापवण्यास सुमारे १.७ मेगाज्यूल उष्णता लागते. एक किलो एलपीजीपासून साधारण ४६ मेगाज्यूल मिळतात आणि त्यांतील ८० टक्के पाण्यात उतरतात असे धरले, तर बादलीमागे ४५ ग्रॅमच्या आसपास गॅस, म्हणजेच १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये तीनशेच्या वर बादल्या बसतात. पाच माणसांना माणशी एक बादली धरल्यास तो थंडीतही दोन महिने पुरायला हवा. आपल्याकडे तो त्याआधीच संपत असेल, तर पाणी जास्त वापरले जाते की गिझरच्या कॉइलमध्ये क्षार साठला आहे, हे पाहावे.

कडकडीत की कोमट, हा वाद मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. बादलीतले पाणी शेवटी तितकेच आणि तेवढेच गरम होणार असेल, तर उष्णताही जवळजवळ तेवढीच लागते. फार तापलेले पाणी पाइपात अधिक निवते आणि क्षारही लवकर धरतो, एवढाच फरक.

उत्तर २ (मिरज)

बोअरचे पाणी असेल तर क्षाराचाच संशय आधी घ्यावा. आमच्या भागात पाणी इतके जड आहे की नळाच्या तोंडाशीही पांढरी पुटे चढतात. कॉइलच्या आत तोच थर बसला की धार बारीक होते, आच तेवढीच राहूनही पाण्याला उष्णता नीट पोचत नाही आणि ती धुराड्यावाटे निघून जाते. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसत असेल, तर बर्नरही साफ करून घ्यावा. ही कामे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावीत. (गिझर पेटतच नसेल, तर मात्र त्याला बोलावण्याआधी सेल बदलून पाहावेत, पुष्कळदा दुखणे तेवढेच असते.)

उत्तर ३ (कराड)

पाइपाचा आतला व्यास १५ मिलिमीटर असेल, तर दर मीटरला सुमारे १८० मिलिलिटर पाणी त्यात राहते. दहा मीटरला पावणेदोन लिटर. हे पाणी मोरीत सोडू नये, बादलीतच घ्यावे आणि त्यामागून येणारे पाणी थोडे अधिक गरम ठेवावे, म्हणजे वेगळे विसण घालण्याची गरज उरत नाही. नळ बंद केल्यावर पाइपातले गरम पाणी निवते, तीच खरी नासाडी. म्हणून आंघोळी एकापाठोपाठ उरकाव्यात आणि पाइपावर फोमचे आवरण चढवावे.

गॅलरी काचा किंवा प्लास्टिक लावून बंद केलेली असल्यास गिझर चालू असताना ती उघडी ठेवलीच पाहिजे. हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही आणि तो जिवावर बेततो.

प्रश्नकर्ता

गॅलरीला केवळ जाळी आहे, त्यामुळे हवा खेळती असते. पाणी मात्र बोअरचेच असून गेल्या वर्षापासून धार बारीक झालेली आहे. तेव्हा आधी कॉइल साफ करून घेतो.